पिच्चरमध्ये कोणी मरत नाही

माझी मुलगी रुचा म्हणाली, "मम्मी, हे सगळं लिख डाल. किसी के तो काम येईल."

मी म्हटलं, काय लिहू? मी काही डॉक्टर नाही. गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीबद्दल ज्याला माहिती हवी असेल त्याने डॉक्टरांनाच विचारावं. पण मग आठवलं, हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी स्वतः मोबाइलमध्ये काय शोधत होते. मला असं एखादं माणूस हवं होतं, जे सरळ सांगेल की मला भीती वाटली. तसं कुणी सापडलं नाही. सगळे लढवय्ये. सगळ्यांनी म्हणे आजाराला हसत तोंड दिलं. ते वाचून मी आणखीच घाबरायची, की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

तर आधीच सांगून ठेवते. मी हसत वगैरे तोंड दिलेलं नाही. मी पहिल्या दिवसापासून घाबरले होते आणि थोडी अजूनही आहे. तुम्हीही घाबरला असाल तर या, बसा.

सगळ्यात खालचे पिच्चर

आम्ही भिलाईत सेक्टर 10 मध्ये स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहतो. माझे यजमान विलास प्लांटमध्ये क्रेन चालवतात. माझं माहेर रेल्वेतलं, माणसं नागपूरकडची, वडिलांची नोकरी दुर्ग लाइनीवर. मी घरी शाळकरी मुलांच्या ट्यूशन घेते, त्यामुळे माझा आवाज आमच्या क्वार्टरच्या लाइनीत सगळ्यांच्या ओळखीचा. ट्यूशनपेक्षा भांडणांमुळे जास्त, असं विलास म्हणतात. शेजारचे साहू भाऊ आमच्या फाटकासमोर स्कूटर लावतात, भाजीवाला खालून सडके टमाटर सरकवतो, आणि मला गप्प बसता येत नाही.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणते. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातल्या. लग्न होऊन इथे आल्या त्या इथल्याच झाल्या. मराठी अडखळत वाचतात, इंग्रजी अजिबात नाही.

रुचा नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा जाताना टीव्हीवर तिचं पिच्चरचं ॲप लावून गेली. सुरुवातीला आम्ही हिंदीच बघायचो. आईंना लवकरच वीट आला. म्हणाल्या, "हे सारं मले पयलेच समजते. कोन कोनाचा हरवलेला पोरगा हाये ते."

मग एका दुपारी मी रिमोट दाबत खाली खाली गेले. वरच्या ओळींत सगळे नाच आणि बंदुका. खाली जावं तसे चेहरे अनोळखी होत गेले. अगदी तळाशी एक पिच्चर होता, त्याच्या चित्रात एक बाई भिंतीला चुना मारत होती. कुणी बघत नसावं म्हणूनच तो तिथे टाकलेला. मी लावला.

कुठल्या देशाचा ते मला अजून नीट माहीत नाही. डोंगर होते, बर्फ होतं. मुलीचं लग्न म्हणून ती बाई अख्खं घर एकटी रंगवते आणि पाहुणे येतच नाहीत. एवढीच गोष्ट. खाली इंग्रजीत ओळी येत होत्या, त्या मी आईंना आमच्या घरच्या बोलीत वाचून दाखवत गेले. मला वाटलं झोपतील. त्या उलट पुढे सरकून बसल्या.

"चुना पातळ केला तिनं," म्हणाल्या. "दुसरा हात माराच लागीन."

आणि पुढे त्या बाईने खरंच दुसरा हात मारला. आई इतक्या खूश झाल्या की काय सांगू. पाहुणे आले नाहीत तेव्हा मात्र पदराने डोळे पुसले.

त्यानंतर आमचं ठरूनच गेलं. जेवणं झाली, ओटा पुसला, की पडदा ओढायचा आणि तळाचा एखादा पिच्चर लावायचा. मी वाचायची, आई ऐकायच्या आणि परक्या देशातल्या बायकांच्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या दुपारी त्या होत्या, आणि तेव्हा मला ते कळतही होतं.

अशाच एका दुपारी आई टीव्हीऐवजी माझ्याकडे बघायला लागल्या. मी वाचायची थांबले.

"थांबू नको, बोलत राह्य," त्या म्हणाल्या. टीव्हीच्या उजेडात डोळे बारीक करून माझ्या गळ्याकडे बघत होत्या. "तुह्या गळ्यात काय हालून राहिलं वो?"

मी बोट लावलं. गाठ होती.

लाइनीतला कायदा

पुढचं समजण्यासाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी.

आईंना परक्या भाषेतल्या पिच्चरचं नवल नव्हतं. त्या नव्या नवरी होत्या तेव्हा त्यांच्या लाइनीत तेलुगू, बंगाली, मल्याळी, ओडिया, सगळ्या देशाची माणसं होती. कधी या समाजाचा पिच्चर लागायचा, कधी त्या समाजाचा. घरातली कामं टाकून सगळ्या बायका कुठल्या जाणार? एक जायची. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना तिने तो पिच्चर मोडक्यातोडक्या हिंदीत बाकीच्यांना सांगायचा. तेलुगू पिच्चर रावबाई सांगायच्या, बंगाली घोषबाई. मराठी लागला की आई. सांगणारीच्या वाट्याचे तांदूळ बाकीच्या निवडून द्यायच्या. पिच्चर सांगणं हे कामच होतं.

त्यात एक कायदा होता. ऐकणाऱ्यांत कुणी दोन जिवांची असली किंवा कुणी बिमार असली, तर त्या दिवशी पिच्चरमध्ये कोणी मरत नाही. खरा शेवट काहीही असो. आई सांगत, "बाकीच्या बायाइले समजत जाय. हिनं मेलेल्याले जित्तं केलं, म्हनजे इथं कोनाले तरी दिवस गेले. मंग साऱ्या एकमेकीच्या पोटाकडे पायत."

हे ऐकून मी कितीदा हसले होते.

रिपोर्ट

सुईने गाठीतलं पाणी काढून तपासायला पाठवलं होतं. रिपोर्टच्या दिवशी विलास दुपारची बी शिफ्ट सोडून माझ्याबरोबर आले. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. कागद वाचून म्हणाले, "मॅडम, घबराना नहीं. कैंसर है, पर ये अच्छा वाला कैंसर है."

अच्छा वाला! मला अजून त्या शब्दाचा राग येतो. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हा आजार बहुतेक वेळा बरा होतो, हे मला आता माहीत आहे. पण त्या खुर्चीत बसलेल्या बाईला फक्त मधला शब्द ऐकू येतो. माझे हात इतके गार पडले की मी ते मांडीखाली दाबून बसले. मी मरणार, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. पुढे ते ऑपरेशनचं, औषधाचं काय काय बोलले त्यातलं मला काहीही आठवत नाही. ज्यांना अशा खुर्चीत बसायचं आहे त्यांना एवढंच सांगते, बरोबर कुणाला तरी न्या. ऐकायला दुसरं माणूस लागतं.

परत येताना सुपेल्याच्या बाजारात थांबलो. घरात भाजी नव्हती, आणि आजार झाला म्हणून भाजी लागत नाही असं होत नाही. भाजीवाल्याने टमाटर तोलले. खालचे सडके होते. मी बघितले आणि पिशवी पुढे केली.

विलास माझ्याकडे बघत राहिले. स्कूटरवर बसल्यावर हेल्मेटच्या आतून त्यांचा आवाज आला. "तू काहीच बोलली नाईस त्याले."

"नाही बोलले."

मग त्यांनी गाडी सुरूच केली नाही. त्यांची पाठ हलत होती. मी मागे बसून त्यांच्या शर्टाचा कोपरा धरून ठेवला. आजूबाजूला हॉर्न वाजत होते.

आईंना सांगायचं नाही असं आम्ही तिथेच ठरवलं. त्यांना बीपी, वय झालेलं. घरी गेल्यावर विलास म्हणाले, "आई, साधी गाठ हाये. काढून टाकतो म्हणते डॉक्टर."

"बरं," आई म्हणाल्या, आणि पिशवीतले टमाटर निवडायला बसल्या.

पाववाली

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंतचे दिवस वाईट होते. ऑपरेशनपेक्षा वाईट. रुचा नोकरीवर रजा टाकून आली. रात्री आम्ही तिघं हळू बोलायचो आणि आई आल्या की गप्प व्हायचो. दुपारचे पिच्चर मात्र मी बंद केले नाहीत. बंद केले असते तर आईंना संशय आला असता.

एका दुपारी लावलेल्या पिच्चरमध्ये एक बाई गाढवावर पाव लादून दारोदार विकत होती. खोकत होती. खोकला वाढत गेला. मी उठून टीव्ही बंद करू शकत होते, पण उठवेना. शेवटी ती दवाखान्यात जाते. दुसऱ्या सकाळी गाढव एकटंच निघतं आणि सवयीने प्रत्येक दारासमोर थांबतं. खाली ओळ आली, की ती पहाटे गेली.

मी ती ओळ वाचली. मेली हा शब्द मला म्हणताच येईना.

"बरी झाली," मी म्हटलं. "डॉक्टरनं आराम कर म्हटलं तिले. म्हणून गाढव एकटं गेलं."

पडद्यावर माणसं एक लांब पेटी खांद्यावर घेऊन टेकडी चढत होती. आईंनी त्या पेटीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"असं का," म्हणाल्या आणि वाळलेल्या टॉवेलांच्या घड्या घालायला लागल्या.

मला वाटलं, छान निभावून नेलं.

आवाज

ऑपरेशन रायपूरला झालं. थिएटरच्या बाहेर चाकाच्या पलंगावर झोपवून ठेवतात, ती वाट बघणं भयंकर. छताचे दिवे बघायचे आणि काही नाही. माझे दात वाजत होते. फरशी पुसणारी एक छत्तीसगढी बाई आली, फडकं खाली ठेवलं, चादर ओढून माझ्या पायाखाली नीट खोचली आणि म्हणाली, "झन डरा बाई." घाबरू नकोस बाई. एवढंच, आणि पुसत पुढे गेली. मला तिचा चेहरा आठवत नाही, पण पायाला लागलेली ती चादर आठवते.

जाग आली. विलास दिसले. मी त्यांना हाक मारली आणि तोंडातून नुसती हवा आली.

डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची नस गाठीला चिकटून होती, तिला धक्का बसला आहे. आवाज येईल, काही आठवड्यांत, काही महिन्यांत. घशाला जोर द्यायचा नाही.

"अन नाई आला तं?" विलासनी विचारलं.

"देखते हैं," डॉक्टर म्हणाले.

घरी आले तर एक गंमत झाली. मी मुकी झाले होते, पण लोक मला बहिरी समजून ओरडून बोलायला लागले. विलाससुद्धा. "पाणी देऊ का?" असं ते क्रेनवरून खाली सांगावं तसं विचारत. मी टाळी वाजवून सगळ्यांना बोलवायची. ट्यूशनची पोरं बंद झाली. साहू भाऊंची स्कूटर फाटकासमोर ठाण मांडून उभी असायची, आणि मी खिडकीतून ती बघायची आणि आत वळायची.

भीती बोलून हलकी होते म्हणतात. मला बोलताच येत नव्हतं. ती सगळी आत साठून राहिली होती.

चारसहा दिवस गेल्यावर आईंनी दुपारी स्वतःच पडदा ओढला. रिमोट माझ्या हातात दिला. मी गळ्याकडे बोट दाखवलं, वाचू कशी?

"तू लाव," त्या म्हणाल्या. "आता मी सांगतो तुले."

मला हसू आलं. ऐकायला मी बहिरी नव्हते आणि ओळी मला वाचता येत होत्या. आईंना तर ना ती भाषा कळत होती, ना इंग्रजी. पण त्यांनी मांडी घातली, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा पुढ्यात घेतल्या आणि चित्रं बघून पिच्चर सांगायला लागल्या. एका बेटावरच्या दोन बहिणी होत्या, त्यातली धाकटी अंथरुणाला खिळलेली. आईंनी थोरलीला दिराशी भांडायला लावलं, ओळीत मात्र लिहिलं होतं की तो गावचा मास्तर आहे. मी खाली वेगळंच वाचत होते आणि कानाने वेगळंच ऐकत होते, आणि खरं सांगते, आईंचा पिच्चर जास्त चांगला होता.

शेवटी धाकटी बहीण गेली. ओळीत स्पष्ट लिहिलं होतं. पडद्यावर रिकामा पलंग होता आणि थोरली चादर काढत होती.

"बरी झाली," आई म्हणाल्या. "माहेरी गेली ते, हवा बदलाले."

माझ्या हातातला रिमोट मांडीवर पडला.

त्या कायद्याची आठवण मला तेव्हा झाली. ऐकणाऱ्यांत मी एकटीच होते. आईंना माहीत होतं.

सगळे माहेरी गेले

मी विलासना मोबाइलवर टाइप करून विचारलं, आईंना तुम्ही सांगितलंत? ते शपथेवर नाही म्हणाले. रुचाही नाही म्हणाली. मग कळलं कसं? आणि नेमकं किती कळलंय? आईंनी एका अक्षराने विचारलं नाही. पिच्चर मात्र रोज सांगत राहिल्या, आणि त्यात रोज कुणीतरी वाचत राहिलं. बुडालेली मच्छीमारीण माहेरी गेली. बाळंतपणात गेलेली माहेरी गेली. एक म्हातारा खुर्चीत बसल्या बसल्या गेला, त्याला माहेरी कसं पाठवणार? तर तो तीर्थाला गेला. मी हवेच्या आवाजात हसले आणि आई खूश झाल्या.

हसायची, पण मनातून गार पडायची. त्या मला बिमार बायकांत बसवत होत्या, आणि त्यांच्या लाइनीत ज्या बायकांसाठी शेवट बदलले गेले, त्यातल्या सगळ्याच काही उठून बसल्या नव्हत्या. हे मला माहीत होतं. त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं.

मग आयोडीनचं औषध द्यायची वेळ आली. त्याआधी काही दिवस ऑपरेशननंतर सुरू केलेल्या थायरॉइडच्या गोळ्या बंद करतात, बिनआयोडीनचं वेगळं मीठ, दूध बंद. अंग सुजतं, डोकं जड होतं, एक वाक्य पुरं वाचायला वेळ लागतो. औषध घेतल्यावर अंगातून किरणं निघतात, म्हणून हॉस्पिटलात एका खोलीत एकटं ठेवतात. जाड दार. ताट दाराशी ठेवून जातात. एक माणूस यंत्र घेऊन येतो, लांबूनच माझ्याकडे धरून आकडा बघतो आणि जातो.

त्या खोलीत मी मोबाइलवर एक पिच्चर लावला. चांगला असेल, मला माहीत नाही. एक बाई कणीक मळत होती, आणि पाणी जास्त झालं असं म्हणायला कुणी नव्हतं. मी तो बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मला आई हवी होती. माझी जन्म दिलेली आई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मला हवी होती ती ही. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायलाही आवाज लागतो. माझ्या सगळ्या आजारात ती दुपार सगळ्यात वाईट गेली. तुमच्या वाट्याला ती खोली आली तर एवढंच सांगते, ती संपते.

घरी आल्यावरही काही दिवस लांबच राहायचं होतं. मागच्या खोलीत मी, ताटवाटी वेगळी, कपडे वेगळे. आईंनी टीव्ही घरातल्या बोळात स्टुलावर आणवून घेतला आणि स्वतः बोळाच्या दुसऱ्या टोकाला पाट टाकून बसल्या.

"या घरात मी कोनाले वेगळं बसू देल्लं नाई," त्या तिकडून म्हणाल्या. खरं होतं ते. मी लग्न होऊन आले तेव्हा महिन्याचं वेगळं बसणं त्यांनी पहिल्याच महिन्यात बंद केलं होतं. "अन आता हा डॉक्टर बसवून राहिला. लाव, पिच्चर लाव."

रिपोर्ट चांगला

काही महिन्यांनी पूर्ण अंगाचा स्कॅन झाला. कुठे काही उरलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. विलास डॉक्टरांच्या पाया पडायला निघाले होते, डॉक्टरांनी मागे सरकून त्यांना थांबवलं. आवाजही येत होता, फाटका, घोगरा, दहा वाक्यांत दमणारा, पण माझा.

सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी पण खाल्ला. आणि दुपारी आईंनी नेहमीसारखा पिच्चर सांगितला, आणि त्यात बर्फात गोठलेला एक माणूस उठून चहा प्यायला.

 रिपोर्ट चांगला आहे तर आई अजून शेवट का बदलतायत?

मग माझं डोकं त्याच वाटेने धावायला लागलं. आम्ही आईंपासून लपवलं होतं. तसंच आता हे सगळे मिळून माझ्यापासून लपवत असतील. डॉक्टरांनी विलासना बाजूला घेऊन वेगळं सांगितलं असेल. विलास बाहेर फोनवर बोलले की मी दाराआड उभी राहायची. एकदा त्यांना पकडलंच.

"खरं सांगा. काय म्हणाले डॉक्टर?"

"अगं, तुह्या समोरच तं सांगितलं. साफ हाये."

"मग आईंना काय सांगितलंत?"

"तेच. साफ हाये म्हणून. तुले विश्वास कावून नाई बसत?" ते चिडले. मग त्यांचा चेहरा पडला. "मी काय करू म्हणजे बसीन, ते तरी सांग."

 कागदावर छापलेलं, डॉक्टरांनी सांगितलेलं, नवऱ्याने शपथ घेतलेलं, काहीच मला पुरत नव्हतं. बरं झाल्यावर भीती जाते असं मला वाटायचं. तुम्हालाही वाटत असेल. ती जात नाही, नुसती जागा बदलते. आणि माझी भीती जाऊन बसली होती आईंच्या तोंडात. रोज दुपारी मी त्यांच्या तोंडाकडे बघायची.

थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी मला जवळच्या रुआबांध्याला जायचं होतं, आणि साहू भाऊंची स्कूटर फाटकाला इतकी चिकटून उभी होती की फाटक उघडेना. मी दोनदा ढकललं. तिसऱ्यांदा काय झालं कळलं नाही. त्या घोगऱ्या, फाटक्या आवाजात मी त्यांना बाहेर बोलावलं आणि गेल्या कित्येक महिन्यांचा हिशेब एकदम चुकता केला. मधे आवाज गेला तर टाळ्या वाजवून भांडले. साहू भाऊ बनियानवर धावत आले, हात जोडले, गाडी हलवली. जाताना म्हणाले, "भाभी, अच्छा लगा आपकी आवाज सुनके." त्याचाही मला राग आला.

मागे वळले तर आई व्हरांड्यात उभ्या होत्या. 

त्या दुपारी पिच्चर लावला. समुद्राकाठचं गाव, एक म्हातारा होडीवाला आणि त्याची आजारी बायको. तिचा पलंग खिडकीशी, म्हणजे तिला होडी परतताना दिसावी. आई मेथी निवडत होत्या आणि सांगत होत्या. बायको खंगत चालली होती. मी खालच्या ओळी वाचणं बंद केलं. आता ही माहेरी जाणार, मी मनात म्हटलं.

होडी परत आली. खिडकी रिकामी होती. म्हातारा दारात बसला आणि बायकोच्या चपला उचलून त्याने मांडीवर ठेवल्या.

आईंनी मेथीची एक काडी मोडली.

"मेली," म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या टीव्हीकडे बघत होत्या.

"मेली वो बिचारी. बिमारीच तशी होती तिची."

"आई," माझा आवाज चिरकला, "माहेरी नाही गेली?"

"आता कावून जाईन माहेरी? इथं कोन बिमार हाये?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सकाळी त्या साहूचा जीव काढला तू. बिमार बाई असं भांडत नाई."

 

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं, आई? माझ्या आजाराचं?"

"तूच तं सांगतलं." त्या पुन्हा मेथीकडे वळल्या. "त्या पाववालीले लोकं पेटीत घालून नेऊन राहिले, अन तू म्हने बरी झाली. मी म्हटलं, इथं दोघीच बसलो. मी तं बिमार नाई. मंग कोन हाये?"

त्या दिवसापासून, ऑपरेशनच्याही आधीपासून, त्यांना माहीत होतं. एवढे महिने ते एकट्याने पोटात ठेवून त्या रोज दुपारी माझ्यासाठी मेलेली माणसं उठवत होत्या. त्याही घाबरल्या असतील. त्यांना कोण सांगत होतं, कोणी मेलं नाही म्हणून?

मी उठून त्यांच्याजवळ बसले. त्यांनी मेथीची अर्धी जुडी माझ्या पुढ्यात सरकवली.

पडद्यावर म्हातारा अजून चपला घेऊन बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि रडायला लागले. इतके महिने मी पिच्चरमधल्या प्रत्येक मरणाला स्वतःसाठीच घाबरले होते. आज पहिल्यांदा मी त्या बाईसाठी रडले, जी खिडकीत बसून होडीची वाट बघत होती आणि मेली.

"रड," आई म्हणाल्या, "पन काड्या नीट मोड."